पात्याचं टोक

हळूबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते दिलं नणंदेने. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात हिने वाटीभर मटार सोलायला पाऊण तास घेतला, आणि नणंद दारातून म्हणाली, "ही तर कासवाची धाकटी बहीण दिसते!" तेव्हापासून चिकटलं ते चिकटलं. आता पंचेचाळिशी उलटली, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तरी घरात हळूबाई, कामावरही हळूबाई.

काम नणंदेच्याच कारखान्यात. कारखाना म्हणायचं एवढंच, एका अरुंद गल्लीच्या टोकाला पूर्वी मोटारी दुरुस्त व्हायच्या ती शेड होती. तिथे पाळीव सशांसाठी गवताच्या वड्या बनत. शहरातल्या फ्लॅटमध्ये ससा पाळायचा, तर त्याला रोज ढीगभर वाळलं गवत लागतं. नाहीतर त्याचे दात वाढत जातात आणि पोट बिघडतं. पण सुटं गवत घरभर पसरतं, म्हणून लोक दाबलेल्या वड्या घेतात. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, कडक, कडेने कुरतडायला सोपी. ससाही खूश, घरही झाडायला नको.

शेडमध्ये माणसं तीन. नणंद मालकीण, ऑर्डर घेणं, पाकिटं भरणं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि उरलेल्या दोघांवर ओरडणं तिच्याकडे. प्रेसवर मामा, म्हणजे कुणाचेच मामा नसलेले एक उतारवयाचे गृहस्थ. साच्यात गवत भरायचं, जॅकचा दांडा हाणायचा आणि वडी बाहेर काढायची हे त्यांचं काम. आणि पहिल्या टेबलाशी हळूबाई. गवताचा गठ्ठा तिने सोडायचा, जाळीच्या टेबलावर पसरून झटकायचा, धूळ खालच्या डब्यात पडू द्यायची, आणि मग काटे, कुसळं, सुतळीचे तुकडे, नको ते पान एकेक करून वेचायचं. इथे तिचा हळूपणा सोन्यासारखा होता. तिच्या हातून सुटलेलं कुसळ मामांना सहा वर्षांत एकदाही सापडलं नव्हतं.

वन्सं, म्हणजे ती नणंद, कामाला नवीन माणूस आलं की एकच गोष्ट सांगायच्या. "सशाला ओकता येत नाही. मांजराने काही गिळलं तर ते ओकून टाकेल. सशाच्या पोटात गेलं ते गेलं, त्याला मागे वाट नाही. म्हणून इथे जे चुकेल ते तिथे जिवावर येतं."

नवीन माणसं मात्र फार टिकली नाहीत. शेवटची होती लेबलं लावणारी एक बाई. दोन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं की लेबलाच्या चिकटपट्टीचा एक तुकडा बहुधा एका पाकिटात राहिला. ती आपणहून वन्संकडे गेली आणि तसं सांगितलं. वन्संनी तिला सगळ्यांदेखत अर्धा तास फाडून खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाल्या. तुकडा पुढे तिच्याच पिशवीत सापडला. पण वन्संनी शब्द मागे घेतला नाही. ती बाई जाताना हळूबाईकडे पाहून काहीच बोलली नाही, आणि तेच हळूबाईच्या डोक्यात राहिलं.

शिवाय हळूबाईचं सगळंच वन्संकडे होतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. शेडच्या वरच्या दोन खोल्या वन्संच्या, पोरीच्या शिक्षणाला आधार वन्संचा. पाण्यात राहून माशाशी कोण वैर करणार?

त्या दिवशी घाई होती. शाळेजवळच्या दुकानाची मोठी ऑर्डर संध्याकाळी जायची होती आणि नेमका गठ्ठे सोडायच्या कात्रीचा स्क्रू ढिला झालेला.

"हळूबाई, आज जरा नावाला जागू नकोस," वन्सं सकाळीच म्हणाल्या.

म्हणून तिने पाकिटाच्या टेबलावरचा कटर उचलला. ज्याचं पातं बोटाने पुढे सरकवतात आणि बोथट झालं की टोक मोडून टाकतात, तो. गठ्ठ्यांजवळ कटर आणायचा नाही हा वन्संचाच नियम. पण कात्रीने एक गठ्ठा सोडायला दहा मिनिटं जात होती. तिने साडेनऊला पहिला गठ्ठा कापला तेव्हा पातं अख्खं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याची सुतळी फार आवळलेली होती, तेव्हा तिने पातं गाठीत खुपसून पिळलं. कट् असा आवाज झाला. सुतळी सुटली असं समजून तिने गवत टेबलावर ओढलं.

अकरा वाजता चौथ्या गठ्ठ्याला हात घातला आणि कटर चालेना. उजेडात धरून पाहिला. पात्याचं टोक नव्हतं. नखाएवढा तिरका तुकडा, दोन्हीकडून धारदार.



तिने टेबलावर पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. गठ्ठ्याच्या कागदात, सुतळ्यांच्या गुंत्यात, स्वतःच्या चपलांच्या तळव्यांना. काही नाही. पलीकडे मामा जॅक हाणत होते, धप्प, धप्प, आणि तिने वेचून दिलेल्या गवताच्या वड्या एकावर एक रचल्या जात होत्या. वन्संना हाक मारायला तिने तोंड उघडलं. वन्सं तेव्हा फोनवर कुणाला तरी सुनावत होत्या, "चूक झाली म्हणून सांगू नका मला! चूक होते कशी?"

तिने तोंड मिटलं. कटर पदराआड धरला, पातं मागे सरकवून तुटकी कड दिसेनाशी केली आणि कटर जागेवर ठेवला. आधी आपण शोधू, असं तिने स्वतःला सांगितलं. सापडलं की प्रश्नच मिटला. मग सांगायची गरजच काय?

झाडायचं निमित्त करून तिने फरशी दोनदा झाडली. धुळीचा डबा ओढून त्यात हात घालून चाचपलं. डबा गुडघ्याएवढा उंच, भुसा आणि मातीने गच्च भरलेला. खालचं वर आणि वरचं खाली झालं, बोटांना काही लागलं नाही. मामांनी विचारलं, "काय हरवलं गं बाई?"

"कानातलं," ती म्हणाली. दोन्ही कानांतली कुडी जागच्या जागी होती. मामांनी ती पाहिली की नाही कोण जाणे, पण पुढे काही विचारलं नाही.

बाराला पार्सलवाला आला. वन्संनी ताज्या वड्यांमधल्या सहा उचलल्या, कागदात गुंडाळल्या, वर पत्ता चिकटवला. "नेहमीच्या नर्सबाईंचं पाकीट," त्या म्हणाल्या. "जुना माल संपला होता, बरं झालं आज दाबल्या."

हळूबाई जाळीच्या टेबलाशी उभी होती. हातात गवताची मूठ तशीच. ते पाकीट टेबलावरून पार्सलवाल्याच्या पिशवीत जाताना ती पाहत राहिली. वन्संनी मान वर केली.

"काय गं? काही हवंय?"

"काही नाही."

पार्सलवाला गेला. सव्वाबारा झाले होते.

दुपारचा डबा तिने उघडून तसाच समोर ठेवला. डोळ्यांसमोर एकच येत होतं. कुठल्या तरी खोलीत एक ससा वडी पुढच्या पायांत धरून कुरतडतोय, कर्र कर्र, एकेक काडी आत ओढतोय, आणि काडीमागून काडी येता येता ते टोक. आणि त्याला ओकता येत नाही.

पाऊण वाजता ती उठली आणि वन्संच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. कटर त्यांच्यासमोर ठेवला.

"वन्सं, पात्याचं टोक तुटलंय. सापडत नाहीये. गवतात गेलं असणार."

वन्संच्या हातातला चमचा डब्यातच राहिला. त्यांनी कटर उचलला, पातं मागेपुढे केलं. ओरडल्या नाहीत. ते जास्तच वाईट वाटलं.

"कधी?"

इथे हळूबाई चुकली. खरं सांगायला आलेली बाई, पण त्या एका शब्दाला घाबरली. "आत्ताच," ती म्हणाली. "जेवायच्या जरा आधी."

वन्संनी सुस्कारा टाकला. "देव पावला. म्हणजे नर्सबाईंचं पाकीट यातून सुटलं. मामा, जॅक थांबवा! पाकीट गेल्यानंतर दाबल्या त्या किती?"

"बारा असतील."

"त्या बारा फोडा. बाकीच्या बाजूला ठेवा, त्या चांगल्या आहेत, दुकानाला जाऊ देत."

मामांनी बारा वड्या ओढल्या. वन्सं स्वतः जमिनीवर बसल्या आणि पहिली वडी गुडघ्यावर मोडली. हळूबाई उभीच होती. दुकानाच्या खोक्यात चांगल्या वड्या भरल्या जाणार, आणि नर्सबाईंना कुणी फोनसुद्धा करणार नाही, कारण तिने 'आत्ताच' असं म्हटलं होतं. एक खोटं झाकायला गेली तर त्याचंच दुसरं पिल्लू झालं.

"वन्सं."

"बस ना खाली, फोड."

"वन्सं, आत्ता नाही तुटलं. अकराला कळलं मला. तुटलं त्याच्याही आधी."

मामांनी मान खाली घातली. वन्संचे हात थांबले, अर्ध्या मोडलेल्या वडीतून गवत भुरभुरत राहिलं.

"अकराला," वन्सं म्हणाल्या. "पाकीट सव्वाबाराला गेलं."

"हो."

"तुझ्या डोळ्यांदेखत."

"हो."

वन्संनी फोन घेतला. नर्सबाईंचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "रात्रपाळी असते तिची," त्या म्हणाल्या, "दुपारी फोन बंद करून झोपते. पाकीट घ्यायला उठली असेल, सशापुढे वडी टाकली असेल, आणि परत झोपली असेल." त्यांनी पत्ता एका लेबलावर खरडला. "तू जा. मी आणि मामा सगळ्या फोडतो. आणि हळूबाई, आज तरी पळ."

ती पळाली. त्या गल्लीने तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा काम सोडून दारात आला. बस मिळाली, ती प्रत्येक थांब्यावर थांबली. पलीकडच्या सीटवरचा माणूस शेंगदाणे खात होता, आणि त्याच्या दातांचा आवाज तिला सहन होईना. दोन थांबे आधीच उतरून ती चालत सुटली.

इमारत चार मजली, जिन्याला ओल्या फरशीचा वास. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा एकच जोड. तिने बेल दाबली. आत बेल वाजलेली ऐकू आली नाही. बहुधा ती पण बंद. मग दार वाजवलं. आधी बोटांनी, मग मुठीने, मग दोन्ही हातांनी.

शेजारचं दार उघडलं. एक आजोबा कपाळाला आठ्या घालून बाहेर आले. "अहो बाई, ती रात्रभर जागून येते. झोपू द्या की तिला!"

"आजोबा, तिच्या सशाच्या खाण्यात पात्याचा तुकडा गेलाय."

आजोबा क्षणभर बघत राहिले. मग आत गेले, एक पितळी बत्ता घेऊन आले आणि दाराच्या कडीवर असे काही ठोके घालू लागले की वरच्या मजल्यावरूनही माणसं डोकावली.

नर्सने दार उघडलं तेव्हा तिचे केस विस्कटलेले आणि डोळे लाल होते. तिशीची असेल. हळूबाईने सगळं एका दमात सांगितलं. नर्स वळली आणि गॅलरीकडे धावली.

ससा तिथेच होता. पांढरा, गुबगुबीत, एक कान पडलेला. त्याच्यापुढे वडी. वडीचा एक कोपरा, चांगला दोन बोटांचा, गायब होता.

"बोळा," नर्स खाली बसत म्हणाली. "बोळा, इकडे ये." कापसाच्या बोळ्यासारखा म्हणून बोळा. ससा तिच्या आवाजाला ओळखून पुढे आला आणि हळूबाईला पाहून मागे सरला.

दोघींनी मिळून उरलेली वडी फरशीवर वर्तमानपत्र पसरून काडी काडी सोडवली. मग पाकिटातल्या पाच. हळूबाईची बोटं सवयीने चालत होती, नर्सची चिमटा धरल्यासारखी. पाऊण तास गेला. पात्याचं टोक नव्हतं.

"नाही म्हणजे," नर्स म्हणाली, "एकतर तुमच्याकडे आहे, नाहीतर याच्या पोटात."

"वन्सं तिकडे फोडताहेत."

"वाट नाही बघत मी." तिने जाळीची टोपली काढली, बोळाला टॉवेलमध्ये गुंडाळून आत ठेवलं.

प्राण्यांचा दवाखाना दोन चौक पुढे होता. बाकावर एक लंगडा कुत्रा, एक झाकलेला पिंजरा आणि त्या दोघी. टोपली नर्सच्या मांडीवर. आत बोळाचं अंग सुपासारखं वर-खाली होत होतं. तेवढ्यात हळूबाईचा फोन वाजला.

"सहासष्ट फोडल्या," वन्संचा आवाज बसलेला होता. "सगळ्या. नाही गं."

हळूबाईने फोन खाली ठेवला. सांगावं लागलं नाही, नर्सने ऐकलं होतं. ती टोपलीच्या झाकणावर हात ठेवून बसली.

"तुटलं कधी ते?" नर्सने विचारलं.

आता हळूबाई अडखळली नाही. "अकराच्या आधी. अकराला मला कळलं. पाकीट सव्वाबाराला निघालं. मी बघत होते."

नर्सने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. कुत्र्याचा मालकसुद्धा दुसरीकडे बघू लागला.

"आमच्याकडे ऑपरेशन झालं की रक्त टिपलेले बोळे मोजतात," नर्स शेवटी म्हणाली. "हिशोब लागला नाही तर टाके घालत नाहीत. मोठ्यातला मोठा सर्जन असू दे, हात वर करून उभा राहतो. बोळा हरवला म्हणून कुणी रागावत नाही फारसं. हरवलेला माहीत असून गप्प बसला, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी तिथे उभं करत नाहीत."

"बरोबर आहे," हळूबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. एक्स-रेसाठी बोळाला काचेसारख्या गुळगुळीत टेबलावर आडवं केलं, दोघींना दाराबाहेर काढलं. आत एकदा काहीतरी घुरघुरलं. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज, "एका बाजूने घेऊ अजून." नर्सने भिंतीला टेकून डोळे मिटले. अजून एका बाजूने का, हे विचारायचं दोघींपैकी एकीलाही धाडस झालं नाही.

दार उघडलं. पडद्यावर सशाची हाडं, चिमणीच्या घरट्यातल्या काड्यांसारखी, आणि मध्ये राखाडी पोट.

"धातू असता तर पांढराशुभ्र दिसला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही नाही. समोरूनही नाही, बाजूनेही नाही."

नर्स मटकन खुर्चीवर बसली. हळूबाईला वाटलं ती रडतेय, पण ती नुसती श्वास घेत होती.

"पण हा फार घाबरलाय," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "ससा घाबरला की आतडी थांबतात. आज रात्री नऊच्या आत त्याने खायला पाहिजे आणि लेंड्या टाकायला पाहिजेत. नाही टाकल्या तर मला फोन करा, मग उशीर चालणार नाही."

बाहेर पडताच हळूबाईने वन्संना कळवलं. मग वन्सं म्हणाल्या, "मग मेलं आहे तरी कुठे ते?"

"धुळीच्या डब्यात बघा. मी हाताने चाचपलं होतं, पण भुशात हाताला काय लागणार?"

वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला, तेव्हा दोघी नर्सच्या जिन्यात होत्या. "सापडलं! डब्यातच होतं. मामा त्या रेडिओवाल्याकडून जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन आले, डब्यात फिरवलं आणि टक् करून चिकटलं. दोन मिनिटं लागली नसतील."

म्हणजे जाळीने तिचं काम चोख केलं होतं. टोक कधीच कुठल्या वडीत गेलं नव्हतं. अकरा वाजता नुसती एक हाक मारली असती तर मामा तेव्हाच चुंबक आणते, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळे पुन्हा कामाला लागले असते. मग हळूबाईने ते सगळं, दोन मिनिटांसकट, नर्सला सांगितलं.

नर्सने वर जाऊन बोळाला सोडलं. तो सोफ्याखाली घुसला आणि कान अंगाला चिकटवून बसला. कोथिंबिरीची काडी पुढे केली, हुंगली नाही. साडेसहा झाले.

"मला सातला निघायचंय," नर्स घड्याळाकडे बघत म्हणाली. "आज बदली कुणी मिळणार नाही. याच्याजवळ कोण बसणार?"

"मी बसते."

"तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"नका ठेवू," हळूबाई म्हणाली. "पण मी बसते. दर अर्ध्या तासाने कळवते. चांगलं असो, वाईट असो."

नर्सने तिच्याकडे पाहिलं, किल्ली टेबलावर ठेवली, डॉक्टरीणबाईंचा नंबर कागदावर लिहून किल्लीखाली दाबला आणि ती गेली.

साडेसातला दार वाजलं. वन्सं. केसांत भुसा, हाताला वड्या मोडून मोडून ओरखडे. त्यांनी न विचारता चप्पल काढली आणि सोफ्यासमोर जमिनीवर, हळूबाईच्या शेजारी बसल्या.

"खाल्लं?"

"नाही."

दोघी सोफ्याखालच्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत बसल्या. बराच वेळ. गोळा हलेना.

"पातं तुटलं त्याचं मला काही नाही," वन्सं एकदम म्हणाल्या. "पाती तुटतात. कटर वापरलास, त्याचंही सोड. पण सव्वा तास! मी विचारलं होतं तुला, काही हवंय का. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"मग?"

हळूबाईने पदराने तोंड पुसलं. तेवीस वर्षांत ती या बाईला उलटून बोलली नव्हती. "लेबलवालीने काय केलं होतं वन्सं? ती स्वतः आली होती सांगायला. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती, काही नव्हतं. तिला तुम्ही घालवलंत. त्या दिवशी मी आणि मामांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं."

"तिने चूक—"

"केलीच होती. मी पण केली, तिच्यापेक्षा मोठी केली, खोटंही बोलले. ओरडा ना मला! पोटभर ओरडा. पण ओरडून झालं की, उद्या वेळेवर ये, असंही म्हणा. नाहीतर सांगायला येणार कोण?"

वन्संच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, पुन्हा आला, आणि मग कशातच न मावणारं काहीतरी राहिलं. "तो तुकडा तिच्या पिशवीतच सापडला होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मी तेव्हाच तिला परत बोलवायला पाहिजे होतं. जीभ रेटली नाही."

आठ वाजता हळूबाईने नर्सला कळवलं, अजून काही नाही. साडेआठला तेच. वन्संनी डॉक्टरीणबाईंचा कागद हातात घेऊन ठेवला. नऊला वीस मिनिटं होती तेव्हा हळूबाईने खोलीतला मोठा दिवा मालवला, स्वयंपाकघरातला तेवढा ठेवला, फरशीवर सोडवलेल्या गवतातली चार मऊ हिरवी पानं निवडली आणि सोफ्याच्या कडेला ठेवून मागे सरकली. "आपण दोघी डोळे वटारून बसलोय," ती कुजबुजली. "त्याला काय, दोन कोल्हे बसल्यासारखंच."

दोघींनी तोंडं भिंतीकडे केली. पाच मिनिटं. सात. मग मागून अगदी बारीक आवाज आला. कर्र. थांबला. कर्र कर्र.

वन्संनी हळूबाईचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वळायची दोघींची छाती झाली नाही. आवाज चालू राहिला, पानं संपली, नखं फरशीवर टकटकली. वन्सं हळूच गुडघ्यांवर आल्या, फरशीला गाल लावून सोफ्याखाली डोकावल्या, आणि आयुष्यभर लोकांवर ओरडलेली ती बाई दबक्या आवाजात किंचाळली, "टाकल्या! अगं, लेंड्या टाकल्या! एक, दोन, चार... चांगल्या गोल आहेत!"

नर्सला कळवताना हळूबाईला घाईत 'लेंड्या' तीनदा लिहावं लागलं. नर्सचं उत्तर आलं. किल्ली शेजारच्या आजोबांकडे द्या. बस्स, तेवढंच.

दुकानाची ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली. वन्संनी दुकानदाराला कारण खरं ते सांगितलं, आणि त्याने अर्धाच माल घेतला. नर्सने त्यानंतर वड्या घेणं सोडलं. ती सुटं गवत मागवू लागली, आत काय आहे ते दिसतं म्हणाली. वन्संची जीभ काही गोड झाली नाही. चौथ्याच दिवशी एका वाकड्या लेबलावरून त्या मामांवर घसरल्या. पण संध्याकाळी दार ओढताना म्हणाल्या, "मामा, उद्या आठला या." आणि मामा हळूबाईकडे बघून मिश्यांत हसले.

रविवारी वन्सं कुणाला न सांगता बाहेर गेल्या. दोन तासांनी परतल्या, पायरीवर बसून चप्पल काढू लागल्या. हळूबाई वरून खाली आली.

"लेबलवालीकडे गेले होते," वन्सं म्हणाल्या. "परत ये म्हटलं. तिला दुसरीकडे काम लागलंय. नाही म्हणाली."



वन्संनी दुसरी चप्पल काढून भिंतीशी लावली. "पण चहा दिला," त्या म्हणाल्या.